हातचा नसलेला गुणाकार

नमस्कार. एवढा पाऊस, टिळक रोडला ही गर्दी, तरी मुलांना घेऊन आलात, खूप बरं वाटलं. आज बीजगणितातल्या गुणाकाराबद्दल बोलूया.

परवा सदाशिव पेठेतली नववीतली एक मुलगी वही घेऊन आली. वहीत (क्ष + ५)² = क्ष² + २५ आणि त्यावर लाल पेनाची फुली, बाकी काही नाही. मला त्या फुलीचंच वाईट वाटलं, कारण पोरगी हुशार आहे, फक्त काय राहिलं ते तिला कुणी दाखवलंच नव्हतं. म्हटलं क्ष च्या जागी १ ठेव बघू. इकडे ६ चा वर्ग ३६, तिकडे २६. मग दहा गेले कुठे? तिथेच चौकोन काढला, ही क्ष बाय क्ष ची खोली, लांबीला ५ फूट वाढवली आणि रुंदीलाही ५ फूट. कोपऱ्यात २५ ची फरशी बसली, पण दोन लांब पट्ट्या उघड्याच की! ५क्ष आणि ५क्ष. तिनं स्वतःच पेन्सिलीनं त्या रंगवल्या आणि म्हणाली, सर, हेच ते दहा.

दोन कंसांचा गुणाकार म्हणजे तिळगूळ वाटणंच. संक्रांतीला कसं, या घरातल्या प्रत्येकानं त्या घरातल्या प्रत्येकाला तिळगूळ द्यायचा, कुणाला वगळायचं नाही. इकडे दोन पदं, तिकडे तीन, म्हणजे सहा गुणाकार व्हायलाच हवेत, सजातीय पदांची, म्हणजे क्ष चा घात सारखा असलेल्या पदांची, बेरीज नंतर.

आणि हे काही नवीन नाही हो. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीत १३५ गुणिले १२ विचारलंय, आणि १२ चे ८ आणि ४ असे तुकडे करून दाखवलंय, १०८० अधिक ५४०, झाले १६२०. आता गंमत बघा, तेच गणित मी (क्ष + २)(क्ष² + ३क्ष + ५) असं लिहितो. उत्तर क्ष³ + ५क्ष² + ११क्ष + १०. क्ष म्हणजे १० धरा, १००० + ५०० + ११० + १०, परत १६२०! तिसरीत दशकाच्या घरात ११ मावत नाहीत म्हणून हातचा घ्यावा लागतो, इथे ११क्ष तसेच राहतात. म्हणजे बीजगणितातला गुणाकार उलट सोपा, हातचाच नाही, आणि मुलं मात्र यालाच घाबरतात, हे मला फार लागतं.

एकच सांभाळा, रिकामं घर. क्ष² + ५ मध्ये क्ष चं पद नाही, तर ०क्ष लिहा, १०५ मध्ये शून्य लिहितोच ना आपण. चला, काढा वह्या. (क्ष − ३)(क्ष² + ५), चौकट आखूनच करा, आणि झालं की क्ष ला १० ठेवून बघा, ७ गुणिले १०५, म्हणजे ७३५ यायला हवेत.