सळईची पकड

पंचगंगेचं पाणी 2019 ला शाहूपुरीपर्यंत आलं, 2021 ला शहरात पुन्हा शिरलं. नदीकाठच्या इमारतींचे खांब आणि खालचे बीम कित्येक दिवस पाण्यात होते. कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, कमी पडलं असेल, भेग असेल, तर ओल सळईपर्यंत जाते. लोखंड गंजतं, गंज फुगतो, काँक्रीट फोडून बाहेर येतो. म्हणूनच कोल्हापूरकरांनी काचतंतूच्या सळईकडे नीट पाहायला हवं.

ही सळई हातात घेऊन बघा. वजन लोखंडी सळईच्या जेमतेम पाव. काचेचे तंतू रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट राळेत, भिजवून, ओढून केलेली. गंजत नाही, आणि ताण स्टीलपेक्षा जास्त सोसते. पण ती ताकद बीमच्या कामी यायची, तर आधी काँक्रीटने तिला धरायला हवं.

ही पकड प्रयोगशाळेत मोजता येते. काँक्रीटच्या ठोकळ्यात सळई रोवायची, ठोकळा 28 दिवस पाण्यात मुरू द्यायचा, मग मशीनवर सळई ओढायची. मोकळ्या टोकाला डायल गेज, सळई किती सरकली ते काट्याने दाखवणारं. सुरुवातीला काटा जागचा हलत नाही, सळई नुसती चिकटून असते. काटा सरकला, की चिकटलेपण सुटलं. गुळगुळीत सळई इथेच निसटते. पुढचा भार घर्षणावर आणि पृष्ठभागाच्या खडबडीवर.

आता ठोकळा फोडून आत पाहू. लोखंडी सळई असती, तर तिच्या कडांनी काँक्रीट चुरडलेलं दिसलं असतं. इथे बऱ्याचदा उलटं होतं: सळईवरचा वाळूचा लेप नाहीतर रेझिनच्या कडा सोलून काँक्रीटलाच चिकटून राहतात, आणि सळईचे तंतू उघडे पडतात. पकड सुटते ती सळईच्या सालीतच. माझ्या मते सळई विकत घेताना सगळ्यात आधी ही सालच तपासावी.

ताठपणातही ही सळई स्टीलच्या साधारण पाव. बीम जास्त वाकतो, भेगा रुंद होतात. पकड चांगली असेल, तर त्या भेगा जवळजवळ आणि बारीक राहतात. आगीत मात्र रेझिन मऊ पडतं, पकड झपाट्याने उतरते.

फिटर मंडळींनो, लॅप, म्हणजे दोन सळया जोडताना एकमेकींवर चढवायची लांबी, स्टीलच्या सवयीने ठेवू नका, डिझाइनमध्ये दिलाय तेवढा पुरा ठेवा. ही सळई साइटवर वाकवू नका, वळण कारखान्यातूनच करून आणा. आणि ट्रकमधून ओढून उतरवताना लेप घासला गेला असेल, तर ती सळई बाजूला काढा.