काट्यावर न दिसणारं वजन

[फ्रिजचं दार उघडतं]

लोणच्याची बरणी, अर्धं लिंबू, आणि त्यांच्यामध्ये हे वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनचं पेन. दर रविवारी सकाळी बाहेर येतं. टोपी काढायची, नवी सुई बसवायची, डोस फिरवायचा, पोटावर टोचायचं. भूक मंदावते, जेवण पोटात रेंगाळतं, चार घासांत ‘पुरे’ वाटतं. अशी दोन औषधं: मुंजारो मार्च २०२५मध्ये भारतात आलं, वेगोव्ही जूनमध्ये. काकूंचे ब्लाउज दोनदा आत घेऊन झालेत.

[डेक्साची, म्हणजे हाडं आणि चरबी मोजणाऱ्या यंत्राची खोली]

आता बांगड्या. पूर्वी साबण लावून काढाव्या लागत. आज हात खाली केला की घरंगळतात. मंगळसूत्रही वाटीत. अंगावर धातू नको. टेबलावर निजायचं, हलायचं नाही. वरून हा दांडा सावकाश सरकत जातो. क्ष-किरण दोन वेगळ्या ऊर्जांचे. हाड, चरबी आणि बाकीचं मांस त्यांना वेगवेगळं अडवतात, म्हणून पडद्यावर तिघांचे आकडे निरनिराळे उमटतात. घरातला काटा बिचारा तिघांची एकच बेरीज सांगतो, आणि आपण त्यावर पेढे वाटतो.

वेगोव्हीतलं औषध म्हणजे सेमाग्लुटाइड. त्याच्या २०२१च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी जवळपास १५ टक्के वजन उतरलं. त्यातल्या १४० जणांना अशाच यंत्राखाली निजवलं होतं. जे वजन गेलं, त्यातला सुमारे ४० टक्के भाग चरबीचा नव्हता. मुंजारोतल्या टिर्झेपटाइडच्या चाचणीत तो साधारण पाव निघाला. त्यात पाणी येतं, इतर अवयवही येतात. पण स्नायूही येतातच.

[जुनं छायाचित्र]

हे दोघे डॉक्टर. पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा फोटो आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. म्हणजे आपल्यातल्या अनेकांकडे स्नायूंची पुंजी मुळातच बेताची.

हाडांचंही तसंच. अंगावरचा भार उतरला की हाडाला वाटतं, आता एवढ्या मजबुतीची गरज काय? कोपनहेगनमध्ये १९५ लोकांवर झालेल्या प्रयोगाचे हाडांविषयीचे निष्कर्ष २०२४मध्ये प्रसिद्ध झाले. आधी आठ आठवडे कडक आहार, मग वर्षभर कुणाला लिराग्लुटाइड हे त्याच जातीचं इंजेक्शन, कुणाला व्यायाम, कुणाला दोन्ही, कुणाला नुसतं खोटं औषध. ज्यांनी फक्त इंजेक्शन घेतलं, त्यांच्या खुब्याची आणि मणक्याची घनता घटली. दोन्ही करणाऱ्यांचं वजन सगळ्यांत जास्त उतरलं, तरी त्यांची हाडं टिकली.

आणि तरीही पेनची चिठ्ठी मिळते, व्यायामाची मिळत नाही. ‘थोडं चालत जा’ एवढंच. चालणं चांगलंच, पण स्नायूला ओझं लागतं.

[स्वयंपाकघर]

भूक नसताना ताटात आधी काय पडतं ते पाहा. भात मागे, उसळ पुढे. दोन अंडी, म्हणजे बारा ग्रॅम प्रथिनं. वाटीभर दही. बरेच तज्ज्ञ किलोमागे १.२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं सुचवतात. सत्तर किलोच्या बाईला दिवसाला ८४. वरणाच्या पाण्यावर ते भागत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारायचं.

[खुर्ची, स्टॉपवॉच]

हात छातीशी घडी घालून. पाच वेळा उठायचं, पाच वेळा बसायचं. २०१९च्या आशियाई निकषांनुसार १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर शारीरिक क्षमता कमी. काकूंना पंधरा लागले. तिसऱ्या वेळी हात गुडघ्यावर जातोय, दिसतंय ना?

पडणं, खुब्याचं हाड मोडणं, औषध सुटल्यावर वजन परतणं, हे सगळं पुढे उभं आहेच.

[गच्ची, संध्याकाळ]

आठवड्यातून तीन दिवस. खुर्चीवरच्या उठाबशा, भिंतीवरचे जोर, दोन्ही हातांत दोन-दोन लिटरच्या बाटल्या. दहा वेळा उचलणं सोपं झालं की ओझं वाढवायचं. बाटल्यांत आतापर्यंत पाणी होतं. रविवारपासून वाळू भरायची आहे.