निळसर झाक

(दृश्य: फोंड्यातलं एक स्वयंपाकघर. सोलकढीसाठी काढलेलं नारळाचं दूध.)

नारळाचं दूध पांढरंशुभ्र दिसतं, कारण त्यातले तेलाचे थेंब मोठे असतात आणि प्रकाश त्यांच्यावर आपटून चहूकडे पसरतो. आता ही काचेची कुपी पाहा. हिच्यातही स्निग्ध कणच आहेत, पण साधारण ८० नॅनोमीटरचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढे. द्रव जवळपास पारदर्शक आहे. उजेडासमोर धरला की किंचित निळसर झाक मारतो. ती झाक दिसली की करणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. कुपी दुधासारखी पांढरी झाली, तर कण एकमेकांत मिसळून फुगलेत हे यंत्राला विचारावंही लागत नाही.

हे लिपिड नॅनोपार्टिकल. २०१८ साली अमेरिकेत मंजूर झालेल्या पॅटिसिरान या औषधात ते होते, पुढे फायझर आणि मॉडर्नाच्या कोविड लशींत आले. काम एकच: आरएनएला पेशीच्या आत पोचवणं. पॅटिसिरानमध्ये तो छोटा आरएनए होता, लशींत एमआरएनए, म्हणजे पेशीला कोणतं प्रथिन बनवायचं ते सांगणारा रेणू. उघडा एमआरएनए रक्तात टिकत नाही, आरएनेज नावाची विकरं त्याचे तुकडे पाडतात. वर तो ऋणभारित, आणि पेशीचं आवरणही ऋणभारित. दारातच अडतो.

कणात चार घटक असतात. मॉडर्नाच्या लशीतलं प्रमाण रेणूंच्या हिशेबानं असं: आयनीभवनक्षम (भार घेऊ-सोडू शकणारं) लिपिड ५०, डीएसपीसी हे फॉस्फोलिपिड १०, कोलेस्टेरॉल साडेअडतीस, पेग-लिपिड (पॉलिएथिलीन ग्लायकॉलची शेपटी जोडलेलं लिपिड) दीड. खरी करामत पहिल्याची. त्याचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला त्याच्या निम्म्या रेणूंवर भार असतो तो आकडा, ६ ते ७ च्या दरम्यान ठेवतात. पीएच ४ च्या बफरात (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) त्याच्यावर धनभार येतो आणि ते एमआरएनएला घट्ट धरतं. रक्ताच्या ७.४ पीएचला तो भार जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून कण निमूटपणे वाहत राहतो. पेशी त्याला गिळते, तो एंडोसोम नावाच्या पिशवीत पडतो. पिशवी आतून आंबट होत जाते, तसा भार परत येतो, आणि लिपिड त्या पिशवीच्याच भिंतीला भिडून तिला भोक पाडतं.

(दृश्य: प्रयोगशाळा. खिडकीबाहेर आषाढातला पाऊस.)

१०० मायक्रोग्रॅम एमआरएनए घेऊ. लिपिडातले नायट्रोजन आणि एमआरएनएतले फॉस्फेट यांचं गुणोत्तर ६ ठेवलं, तर मॉडर्नाच्या लशीतलं एसएम-१०२ हे आयनीभवनक्षम लिपिड सुमारे १.३ मिलिग्रॅम लागतं. बाकीचे तीन धरून एकूण सव्वादोन मिलिग्रॅम. म्हणजे मालापेक्षा गाडी बावीसपट जड. चारही लिपिडं पाव मिलिलिटर इथेनॉलमध्ये विरघळवायची, एमआरएनए पाऊण मिलिलिटर सायट्रेट बफरात, पीएच ४. दोन सिरिंजांतून दोन्ही द्रव मायक्रोफ्लुइडिक चिपमध्ये (केसासारख्या बारीक नळ्या कोरलेल्या पट्टीत) सोडायचे, दोन्ही मिळून वेग मिनिटाला १२ मिलिलिटर. पाच सेकंदांत खेळ आटोपतो.

पण त्या पाच सेकंदांत सगळं ठरतं. इथेनॉल पाण्यात मिसळलं की लिपिडं तिथल्या तिथे बाहेर पडतात आणि गोळा होतात. मिसळणं झटपट झालं तर कण लहान आणि एकसारखे. रेंगाळलं तर मोठे आणि आडमाप. म्हणूनच पिपेटनं हातानं ढवळलेला घाणा दर वेळी वेगळा निघतो. चिपमधून आलेले पहिले काही थेंबही टाकून द्यायचे, कारण तेव्हा प्रवाह स्थिर झालेला नसतो. जमलेल्या द्रवात अजून २५ टक्के इथेनॉल आहे. तो तसाच ठेवून चहाला गेलात, तर परत येईपर्यंत कण वाढलेले असतात. ताबडतोब फॉस्फेट बफरात पातळ करायचा आणि इथेनॉल निघून जावं म्हणून डायलिसिसला लावायचा.

गोव्याचा पावसाळा इथे वेगळाच त्रास देतो. मिठाच्या बरणीत खडे होतात ते घरोघरी दिसतं. तीच दमट हवा लिपिडाच्या कुपीत शिरते. उणे २० अंशांतून काढलेली कुपी लगेच उघडली की आत दव धरतं, पावडर ओली होते, पुढचं वजन खोटं पडतं आणि चार घटकांचं प्रमाण ढळतं. कुपी बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, मग झाकणाला हात लावायचा. इथेनॉलची बाटलीही पाणी ओढते, तिला उघडी ठेवू नये.

गोठवण्याचं वेगळं गणित. बर्फाचे स्फटिक वाढताना कणांना कोपऱ्यात दाबतात आणि ते एकमेकांत विरघळतात, म्हणून ८ ते १० टक्के सुक्रोज घालतात. फॉस्फेट बफर गोठताना त्याचा एक क्षार आधी स्फटिक होऊन बाहेर पडतो आणि पीएच घसरतो. त्यापेक्षा ट्रिस नावाचा बफर बरा. फायझरनंही २०२१ मध्ये ट्रिसकडे वळून फ्रिजमधली मुदत १० आठवड्यांवर नेली. पुण्याच्या जेनोव्हानं वेगळी वाट धरली: जून २०२२ मध्ये परवानगी मिळालेली त्यांची लस भुकटीच्या रूपात २ ते ८ अंशांत राहते. वीज जाण्याची सवय असलेल्या गावांसाठी हीच वाट शहाणपणाची.

(दृश्य: मोजणी. पडद्यावर आकडे.)

आता आकडे. आकार ८० नॅनोमीटर, विखुरण निर्देशांक (जितका कमी, तितके कण एकसारखे) ०.१, आरएनएला चिकटून चमकणाऱ्या रायबोग्रीन रंगाच्या चाचणीत ९५ टक्के एमआरएनए कणाच्या आत. कागद सुंदर दिसतो. तरी पेशीत प्रथिन बनत नाही, असंही होतं.

एक कारण लिपिडातच दडलेलं असतं. त्याच्या अमाइनचं (नायट्रोजन असलेल्या भागाचं) ऑक्सिडेशन होऊन एन-ऑक्साइड बनतं, ते तुटून अल्डिहाइड होतं, आणि अल्डिहाइड एमआरएनएच्या बेसला, म्हणजे त्याच्या अक्षराला, जाऊन चिकटतं. एमआरएनएची साखळी अखंड असते, म्हणून लांबी मोजणाऱ्या चाचणीत निर्मळ दिसते, पण प्रथिन बनवणाऱ्या रायबोसोमला ती वाचता येत नाही. रेणूंना पाण्याच्या तिटकाऱ्यानुसार वेगळं करणाऱ्या रिव्हर्स फेज क्रोमॅटोग्राफीत मात्र तिचं वेगळं शिखर उमटतं. लिपिड नायट्रोजनखाली ठेवावं, जुन्या कुपीवर विसंबू नये.

दुसरं कारण एंडोसोम. छोट्या आरएनएवर २०१३ साली झालेल्या मोजणीत जेमतेम १ ते २ टक्के माल पिशवीतून सुटून पेशीद्रवात आला होता. ९५ टक्के आत भरला याचा डांगोरा पिटण्याआधी हा आकडा डोळ्यांसमोर असलेला बरा.

तिसरं कारण कण बनवण्यातलं नाहीच. रक्तात कणावरची पेगचा लेप गळून पडतो आणि त्या जागी अपोई हे प्रथिन बसतं. यकृताच्या पेशी त्याच खुणेवर कणाला आत घेतात, आणि शिरेतून दिलेले बहुतेक कण यकृतातच जमतात. ताटलीत वाढवलेल्या यकृतपेशींना सीरम (रक्तातला प्रथिनयुक्त द्रव) नसलेलं माध्यम दिलं, तर अपोई मिळत नाही, कण बाहेरच राहतात आणि ल्युसिफरेजचा (चाचणीच्या एमआरएनएवरून पेशीत बनणाऱ्या, उजेड देणाऱ्या प्रथिनाचा) उजेड मंद पडतो. माध्यमात अपोई घालून तीच कुपी पुन्हा लावायची. उजेड वाढला, तर कुपी ठीकच होती.