नासिकचं नाशिक

[पांडवलेणी, सकाळचं कोवळं ऊन. १९ क्रमांकाचं लेणं.]

इथल्या दगडात एक शब्द कोरलाय: ‘नासिककेन’. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. सातवाहन कुळातला कण्ह राजा असताना नाशिकच्या महामात्राने, म्हणजे बड्या अधिकाऱ्याने, हे लेणं करवून घेतलं, एवढाच मजकूर. त्यातला ‘लेण’ हा शब्द दोन हजार वर्षांनंतरही आपल्या तोंडी आहे. गावाच्या नावात मात्र इथे ‘स’ दिसतो, आणि खाली शहरात कुणालाही विचारा, तो सांगेल नाशिक.

हा ‘स’ बदलला कसा?

एक करून बघा. ‘सा’ म्हणायच्या बेतात थांबा. आता ‘सी’ म्हणायच्या बेतात थांबा. जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलला गेलाय ना? ‘ई’ अजून यायचाय, पण मेंदूने त्याची तयारी आधीच करून ठेवली. आपण सेकंदाला दहा-पंधरा ध्वनी बोलतो. एक पुरता संपवून मग दुसरा घ्यायचा म्हटलं तर बोलणं पुढे सरकणारच नाही. म्हणून पुढच्याची सावली मागच्यावर पडते, आणि उचललेल्या जिभेवरून गेलेला ‘स’ थोडा ‘श’सारखा घासतो.

बोलणाऱ्याच्या मनात ‘स’च असतो. पण ऐकणाऱ्या पोराला ते मन कुठे दिसतं? त्याच्या कानावर ‘श’ पडतो, ते ‘श’ शिकतं. भाषाशास्त्रज्ञ जॉन ओहाला यांनी १९८१ मध्ये हेच मांडलं: ध्वनी बदलतात त्याचं एक मोठं कारण ऐकणाऱ्याच्या कानात असतं.

सीमेची शीव झाली, सिंदूराचा शेंदूर, सीवनाची शिवण. आजही गोठ्यात एक असते ती म्हैस, दोन झाल्या की म्हशी. वीस वर्षांची मुलगी विशीत येते. हे आपल्याला कोणी शिकवलं? कोणीच नाही.

[रविवार कारंजा. दुकानांची गजबज.]

‘नाशिकचा चिवडा.’ ‘नाशिकची मिसळ.’ लिहिताना ‘च’ एकच. बोलताना ‘चा’ला जीभ दातांमागे टेकते, ‘ची’ला टाळूला. पुन्हा तोच ‘ई’! माझा-माझी, तुझा-तुझी, सगळीकडे हाच खेळ. जन्मभर मराठी बोलूनही हे आपल्या लक्षात येत नाही, आणि नव्याने मराठी शिकणारा नेमका इथेच अडखळतो.

[बस स्टँड.]

‘यष्टी आली का?’ हे ऐकून हसणारे भेटतात. ते हसणं मला सहन होत नाही. ‘ट’साठी जीभ वर वळायची असते, ती ‘स’पासूनच वळू लागते आणि ‘स’चा ‘ष’ होतो. पाणिनीने अष्टाध्यायीत याच वळणासाठी सूत्र लिहिलं, ८.४.४१: ‘ष्टुना ष्टुः’. यष्टीची वाट बघणाऱ्या म्हातारीची जीभ त्याच वाटेने चाललीय.

मग सगळेच ध्वनी एकमेकांत विरघळून का जात नाहीत? कारण समोरच्याला कळायलाही हवं. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा, या दोन ‘ज’मधला फरक मराठी कान सोडत नाही. शिवाय जिभेची सोय सगळीकडे सारखीच जिंकते असंही नाही. जपानीत ‘सी’ नाहीच, ‘शि’ आहे. हिंदीत मात्र ‘सिंदूर’ आणि ‘नासिक’ तसेच राहिले. तोंड सगळ्यांचं सारखं, पण कोणती सवय पक्की करायची हे त्या त्या समाजाच्या बोलण्यात ठरत जातं.

आणि ते फार लवकर ठरतं. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात इंग्रजी ऐकत वाढणारी बाळं तपासली. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ऐकू येत होते. वर्षाची होत आलेल्या बहुतेकांना ते वेगळे कळेनात. जे ध्वनी घरात लागत नाहीत, त्यांच्यावर कान वेळ घालवत नाही.

[मखमलाबाद. गोठ्यासमोरचं अंगण. आजीच्या मांडीवर आठ महिन्यांची नात.]

नात आजीच्या ओठांकडे टक लावून बघतेय. रस्त्यावरून घंटा वाजतात. आजी बोट दाखवते.

‘म्हशी आल्या बघ बाळा, म्हशी.’