कॅमेरा कुठं ठेवायचा?

(दृश्य: पेडर रोड, सकाळची गर्दी. फिल्म्स डिव्हिजनच्या आवाराचं फाटक.)

निवेदन:
एके काळी थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी माहितीपट लागायचा. धरण, गहू, लसीकरण, कुटुंबनियोजन. तो दाखवणं थिएटरवाल्यांवर सक्तीचं होतं, आणि तो चालू असताना अंधारात चाचपडत आपली खुर्ची शोधणं हा प्रेक्षकांचा रिवाज होता. त्यातली माणसं क्वचितच बोलायची. त्यांच्या वतीनं एक भारदस्त पुरुषी आवाज बोलायचा. नांगर धरलेल्या शेतकऱ्याच्या मनात काय चाललंय, हेसुद्धा त्या आवाजालाच ठाऊक असायचं.

तो आवाज इथून, १९४८ साली सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजनमधून यायचा. पुढं मुंबईत बायकांनी जे माहितीपट केले, त्यातल्या बऱ्याच जणींचं भांडण या आवाजाशी होतं. मीसुद्धा आत्ता निवेदनच करतेय, हे मला कळतंय. जमेल तिथं गप्प बसेन.

सरकारी चौकटीत राहूनही काही जणींनी वेगळं काम केलं. ‘एक चिडिया, अनेक चिडिया’ दूरदर्शनच्या काळातल्या प्रत्येकाला पाठ आहे. १९७४ची ती ॲनिमेशन फिल्म मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांनी केली, हे मात्र विचारून बघा किती जणांना माहीत असतं ते.

(दृश्य: नेपियन सी रोड. जुन्या इमारतींच्या मधून दिसणारे टॉवर.)

निवेदन:
१९६९. चित्रकार अकबर पदमसी यांना नेहरू फेलोशिप मिळाली होती. त्या पैशातून त्यांनी नेपियन सी रोडवर एक कार्यशाळा थाटली. तिथं चित्रकारांना कॅमेरा हाताळायला मिळायचा. जे. जे.मध्ये शिकलेली तेवीस वर्षांची नलिनी मलानी तिथं आली आणि तिनं घराचं एक छोटं मॉडेल घेतलं. त्यावर रंगीत प्रकाश टाकत, एकेक फ्रेम थांबवत तिनं ते आठ एमएमच्या फिल्मवर टिपलं. पडद्यावर घराच्या भिंती तांबड्या होतात, निळ्या होतात, पिवळ्या होतात. तिनं नाव दिलं ‘ड्रीम हाउसेस’. स्वतंत्र देशात सगळ्यांना घर मिळणार, आर्किटेक्ट नवं शहर उभं करणार, अशी तेव्हाची हवा होती.

सातेक वर्षांत हवा पालटली. १९७६ साली तिनं त्याच फिल्मला दुसरी, काळी-पांढरी फिल्म जोडली. आता दोन्ही शेजारी शेजारी चालतात. एकीकडं रंगीत स्वप्नातलं घर, दुसरीकडं खिडकीशी उभी राहून खालचं शहर बघणारी एक तरुणी. ‘युटोपिया’ असं नाव असलेली ही फिल्म चार मिनिटांचीसुद्धा नाही, आणि तिच्यात कुणी एक शब्द समजावून सांगत नाही. मधली बरीच वर्षं ती कपाटातच होती म्हटलं तरी चालेल. आता जगभरातली संग्रहालयं ती दाखवतात.

नलिनीताईंची मुलगी म्हणजे दिग्दर्शिका पायल कपाडिया. पण आई-मुलगी हा धागा इथंच सोडते. बायकांच्या कामाबद्दल बोलताना नात्यागोत्यांत शिरायची आपल्याला फार सवय आहे.

(दृश्य: सकाळी दहाच्या सुमारास इमारतीचा जिना. चपला काढून घराघरांत शिरणाऱ्या कामवाल्या बाया.)

निवेदन:
‘मोलकरीण’ १९८१ची. दीपा धनराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘युगांतर’ हा गट मूळचा बंगळूरचा, फिल्म मात्र पुण्यातल्या घरकामगार बायकांची आणि मराठी बोलणारी. काळी-पांढरी, पंचवीसेक मिनिटांची. बायका संघटना कशी बांधतात, पगारवाढ आणि सुट्टी कशी मागतात, ते त्या आपापसात बोलतात आणि आपण ऐकतो. भारदस्त आवाजाला इथं कामच उरत नाही. युगांतरनं पुढच्याच वर्षी निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर फिल्म केली. प्रोजेक्टर उचलून या फिल्मा वस्त्यांतून दाखवल्या जायच्या, कारण त्या केल्याच होत्या संघटनेसाठी.

‘मोलकरीण’नंतर सव्वीस वर्षांनी, २००७ साली, मुंबईच्या निष्ठा जैन यांनी ‘लक्ष्मी अँड मी’ केली. विषय तोच, पण कॅमेरा आता थेट दिग्दर्शिकेच्या स्वतःच्या घरात. लादी पुसणारी लक्ष्मी आणि तिला पगार देणारी निष्ठा, दोघीही फ्रेममध्ये. कोण खुर्चीवर बसतं, कोण जमिनीवर, चहा कुणाच्या कपात जातो? मोर्चावर फिल्म करताना दिग्दर्शिका आपोआप बरोबरच्या बाजूला उभी असते. स्वतःच्या स्वयंपाकघरात ती सोय नाही. माझ्या मते या दोघींत ‘मोलकरीण’ जास्त गरजेची फिल्म आणि ‘लक्ष्मी अँड मी’ जास्त अवघड.

मधल्या काळात यंत्रही बदललं होतं. १६ एमएमचं चारशे फुटी रीळ जेमतेम अकरा मिनिटं चालतं. रीळ महाग, लॅबचा खर्च वेगळा. मग माणूस ‘महत्त्वाचं’ तेवढंच शूट करतो, आणि भांडी घासणं कधीच महत्त्वाचं ठरत नाही. पुढं आलेल्या मिनी डीव्ही या डिजिटल व्हिडिओची टेप तासभर चालायची आणि कॅमेरा पिशवीत मावायचा. ओट्याशी उभी असलेली बाई सगळी भांडी विसळून होईपर्यंत थांबणं मग परवडू लागलं.

(दृश्य: वांद्रे पूर्व. स्टेशनच्या पुलावरून दिसणारी बेहरामपाड्याची मजल्यांवर मजले चढलेली घरं. निवेदन नाही, फक्त रस्त्याचे आवाज.)

निवेदन:
डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३. हिंदू-मुस्लिम दंगलीत या मुस्लिमबहुल वस्तीबद्दल शहरात काय काय अफवा उठल्या, ते त्या वेळी मुंबईत असलेल्यांना सांगायला नको. मधुश्री दत्ता यांनी १९९३ साली इथं कॅमेरा आणला आणि ‘आय लिव्ह इन बेहरामपाडा’ केली. वकील फ्लेविया ॲग्नेस यांच्यासोबत त्यांनी उभारलेली ‘मजलिस’ संस्था कायद्याचं आणि कलेचं काम एकाच छपराखाली करायची. कोर्टात स्त्रीची साक्ष कशी ऐकली जाते आणि पडद्यावर कशी, हे दोन्ही तिथं शेजारच्या टेबलांवर चालायचं. अफवेला आकडेवारीनं उत्तर देता आलं असतं. या फिल्मनं त्याऐवजी तिथं राहणाऱ्यांना बोलू दिलं.

(दृश्य: लालबाग. गिरणीच्या जागी उभा राहिलेला टॉवर, खाली डबे नेणारी बाई.)

निवेदन:
पारोमिता व्होरा यांची पहिली ओळख १९९५च्या ‘अन्नपूर्णा’मधून. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका आणि प्रेमा पुरव यांनी १९७५ साली उभं केलेलं अन्नपूर्णा महिला मंडळ. गिरणगावाच्या इतिहासात संप येतो, पुढारी येतात, पोळ्या लाटणारे हात मागं राहतात. पायल कपाडियांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ या २०२४च्या कथापटात छाया कदम यांनी केलेली पार्वती अशाच एका गिरणी कामगाराची विधवा आहे. कागद नाहीत म्हणून बिल्डर तिला घराबाहेर काढतोय. तो सिनेमा सुरूच होतो माहितीपटासारखा: रात्रीचं शहर, आणि वेगवेगळ्या भाषांत बोलणारी न दिसणारी माणसं.

व्होरांकडं परत येते, कारण विनोद हा त्यांचा हुकमी पत्ता. २००२च्या ‘अनलिमिटेड गर्ल्स’मध्ये ‘फिअरलेस’ नावाचं काल्पनिक पात्र इंटरनेटवरच्या चॅटरूममध्ये शिरतं आणि स्त्रीवादाबद्दल वेडेवाकडे प्रश्न विचारत सुटतं. २००६च्या ‘क्यूटूपी’मध्ये प्रश्न एकच: या शहरात बाईनं लघवीला जायचं कुठं? मासळी विकणारी, भाजीचा ठेला लावणारी, चौकात ड्युटीवर उभी असलेली पोलीस बाई, सगळ्या जणी घरातून निघताना पाणी कमी पितात. पुरुषांची मुतारी फुकट, बायकांकडून मात्र पैसे. हे सगळं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं असतं तर लोकांनी माना डोलावल्या असत्या आणि विसरले असते. हसता हसता पाहिलं की पुढच्या वेळी दादर स्टेशनवर उभं असताना आठवतं.

(दृश्य: प्रभादेवी, भूपेश गुप्ता भवनाची पाटी.)

निवेदन:
या फिल्मा दाखवायच्या कुठं? २००४च्या मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी भारतीय माहितीपटांना सेन्सॉरचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं, परदेशी फिल्मांना मात्र माफ. आरडाओरडा झाल्यावर अट मागं घेतली, आणि मग निवडीतच बऱ्याच फिल्मा गळल्या. गळलेल्यांनी त्याच दिवसांत या सभागृहात ‘विकल्प’ नावानं स्वतःचा महोत्सव भरवला. पुढं जुहूच्या पृथ्वी हाउसमध्ये त्याच नावानं फुकट खेळ होत राहिले.

(दृश्य: एका फ्लॅटमधलं लोखंडी कपाट. आत टेपांच्या रांगा.)

निवेदन:
‘मोलकरीण’ आज स्वच्छ दिसते, ती बर्लिनच्या आर्सेनल संस्थेनं दुरुस्त केली म्हणून. पुण्याच्या बायकांची मराठी फिल्म जर्मनीत जाऊन वाचली, याचा आनंद मानायचा की लाज वाटून घ्यायची, तुम्ही ठरवा. मुंबईत २००८ साली ‘मजलिस’, शायना आनंद यांचा ‘कॅम्प’ हा कलाकारांचा गट आणि इतरांनी मिळून ‘पॅड.मा’ हा ऑनलाइन संग्रह सुरू केला. तिथं पुऱ्या फिल्मांबरोबर एडिटिंगमध्ये वगळलेलं फूटेजही बघता येतं.

बाकीचं अजून अशा कपाटांत आहे. मुंबईच्या दमट हवेत टेपला बुरशी धरते, आणि मिनी डीव्हीचे डेक, म्हणजे टेप चालवायची यंत्रं, आता कुणी बनवत नाही. लॅमिंग्टन रोडला एखादा चालू स्थितीतला जुना डेक मिळालाच, तर आधी लेबल नसलेल्या टेपा लावून बघाव्यात, असं माझं मत. लेबल असलेल्यांत काय आहे, ते निदान माहीत तरी आहे.