पासिंग झालेली गाडी

श्रोतेहो, नमस्कार.

जुनी मोटारसायकल विकणाऱ्याच्या तोंडी एक वाक्य हमखास असते : “गाडीचं पासिंग झालंय, आता पाच वर्षं बघायला नको.” आज मला या वाक्याविषयीच बोलायचे आहे. माझ्या भाच्याने याच वाक्यावर विसंबून २००८ सालची, शंभर सीसीची एक गाडी घेतली, आणि त्या वाक्यातून नेमकी किती हमी मिळते, हे आम्हाला पसरणी घाटात कळले.

आधी कायद्याचे पाहू. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार खाजगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. त्यानंतर पंचवीस नंबरचा फॉर्म भरून, शुल्क देऊन आणि गाडी निरीक्षकापुढे उभी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते; यालाच बोलण्यात पासिंग म्हणतात. हे शुल्क एप्रिल २०२२पासून तीनशेवरून एक हजार रुपये झाले, आणि वीस वर्षांहून जुन्या मोटारसायकलींसाठी ऑगस्ट २०२५मध्ये दोन हजार झाले. प्रवासी रिक्षा किंवा टॅक्सीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. मोटारसायकलच्या ब्रेककडे आणि हँडलकडे मात्र सलग पंधरा वर्षे कोणी अधिकृतपणे पाहत नाही. ही सूट आपल्याकडेच आहे असेही नाही. जर्मनीत मोटारसायकलची दर दोन वर्षांनी तपासणी होते, पण जपानमध्ये अडीचशे सीसीपर्यंतच्या गाड्यांना अशी सक्तीची तपासणी नाही. लहान गाडीचा धोकाही लहान, अशी समजूत या सवलतीमागे असावी. रस्त्यावरच्या इतरांच्या दृष्टीने ती काही अंशी खरी असेल, पण त्या गाडीवर बसलेल्या दोघांच्या दृष्टीने ती मुळीच खरी नाही.

मधल्या काळात असते ती पीयूसी, म्हणजे प्रदूषण नियंत्रणात असल्याचे प्रमाणपत्र, आणि पुष्कळ लोक तिलाच गाडीच्या तब्येतीचा दाखला समजतात. ती तपासणी केवळ धुराची असते. इंजिन नुसते चालू ठेवून सायलेन्सरमध्ये नळी घालतात आणि कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले हायड्रोकार्बन मोजतात. २००० सालानंतरच्या, बीएस-फोर या प्रदूषण मानकापूर्वीच्या चार स्ट्रोक दुचाकीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा साडेतीन टक्के आणि हायड्रोकार्बनची दहा लाखांत साडेचार हजार भाग अशी आहे. या गाड्यांना दर सहा महिन्यांनी पीयूसी लागते, तर बीएस-फोर आणि त्यापुढच्या गाड्यांना वर्षातून एकदा. मात्र सायलेन्सर खालून गंजून त्याला भोक पडले असेल, तर बाहेरची हवा आत मिसळते, धूर पातळ होतो आणि यंत्रावरचा आकडा प्रत्यक्षापेक्षा चांगला दिसतो. म्हणजे गाडीतला बिघाडच कागदावर गुण होऊन उतरतो. म्हणूनच पीयूसीवरचा आकडा फार सुंदर दिसला, तर मी आधी सायलेन्सरखाली वाकून पाहतो.

आता घाटातली गोष्ट सांगतो. भाचा त्याच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, मागे बसवून पाचगणीहून वाईकडे उतरत होता. वळण घेताना हँडल मध्यावर अडल्यासारखे होई आणि मग एकदम सुटे. त्यात मागचा ब्रेक दाबावा तसतसे पायडल खाली खाली जाऊ लागले. मुलगा शहाणा; त्याने गाडी पहिल्या गिअरवर आणून कडेला थांबवली, ताईला उतरवले आणि मला फोन केला, “मामा, गाडी ऐकत नाहीये.” सुदैवाने कोणाला काही झाले नाही. पुनर्नोंदणीची तपासणी होऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा विषय शिकवतो. दुसऱ्या दिवशी गाडी डबल स्टँडवर घेतली, मागे वजन देऊन पुढचे चाक अधांतरी केले आणि दोन बोटांनी हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवले. बरोबर मध्यावर खाच लागत होती. पुढे कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते तो वाट्या-गोळ्यांचा संच, उघडला, तेव्हा वाटीमध्ये गोळ्यांच्या जागी तांदळाच्या कणीएवढे खड्डे एका ओळीत उमटलेले दिसले. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे खड्ड्यांचे धक्के वर्षानुवर्षे गोळ्यांच्या त्याच जागांवर बसत राहतात. हा दोष बाहेरून डोळ्यांना दिसत नाही आणि त्याचा आवाजही येत नाही. तो फक्त बोटांना कळतो, तोही चाक जमिनीवरून उचलल्यावरच. मागच्या ब्रेकच्या ड्रममधले लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे अस्तर, तर इतके झिजले होते की, ब्रेक दाबल्यावर झीज दाखवणारा बाहेरचा बाण मर्यादेच्या रेघेपलीकडे जात होता. घाट उतरताना ब्रेक सतत दाबलेला राहिला तर ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनरपासून दूर सरकतो आणि पायडल अधिक खाली जाते. चांगल्या लायनरला ते जेवढे सोसते, तेवढे झिजलेल्याला सोसत नाही.

निरीक्षकाने काम चुकवले, असे मी म्हणणार नाही. आवारातल्या सपाट जमिनीवर, एकच माणूस बसलेला, ताशी पंधरा-वीस किलोमीटरच्या वेगाने ब्रेक दाबला, तर हीच गाडी नीट थांबली असणार. तपासणीने जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर खरेच मिळाले. घाटाचा प्रश्न तिथे विचारलाच गेला नव्हता. ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ चौदा मीटर पुढे जाते, मागे माणूस असला की वजन वाढते, आणि पावसात ड्रममध्ये पाणी शिरले की पकड आणखी सुटते. शिवाय १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा २०१९पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत हा सगळा हिशेब चालवणाऱ्याच्या हातापायांवरच असतो.

माझी खरी तक्रार निकालाच्या भाषेविषयी आहे. एकच गाडी दोन निरीक्षकांनी दोन वेगवेगळ्या दिवशी पाहिली आणि दोघांनीही तेच सांगितले, तर त्या तपासणीवर भरवसा ठेवता येतो. पण ‘योग्य’ एवढा एकच शब्द लिहिला, तर गाडी काठावर उत्तीर्ण झाली की भरघोस गुणांनी, हे कोणालाच कळत नाही. नियमात दुचाकीच्या टायरच्या खाचेची किमान खोली ०.८ मिलिमीटर सांगितली आहे. एका गाडीची खोली ०.९ असेल आणि दुसरीची ३ असेल, तर दोन्ही योग्यच ठरतात, पण पहिली गाडी पुढच्या पावसाळ्याआधीच अयोग्य होणार असते आणि तिचा कागद पाच वर्षांचा असतो. पासिंगच्या दिवसापुरते मागून आणलेले आरसेही मी पाहिले आहेत. ते आवाराबाहेर येताच निघतात. केंद्र सरकारने २०२१मध्ये स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम केले, त्यांचे मी मनापासून स्वागत करतो, कारण तिथे चाक रोलरवर ठेवून ब्रेकची ताकद आकड्यात मोजली जाते आणि आकडा माणूस पाहून बदलत नाही. तरीही कोनसेटची ती खाच शोधायला अनुभवी बोटेच लागतील.

तेव्हा जुनी गाडी घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पासिंगचा कागद अवश्य पाहा, चेसिस नंबर त्याच्याशी स्वतः ताडून पाहा, पण गाडीचा दाम ठरवण्याआधी ओळखीच्या मेकॅनिकला अर्धा तास मागा. किलोमीटरच्या आकड्यावर फार वेळ घालवू नका. केबल सुटली की तो थांबतो. चाक उचलून हँडल फिरवून पाहा, पुढचा फोर्क खालून धरून मागेपुढे हलवा, मागचे चाक आडवे हलवून ते धरणाऱ्या चिमट्याचे बुश ढिले आहेत का पाहा, रिम फिरवून आउट, म्हणजे वाकडी, आहे का ते तपासा, आणि ब्रेक दाबून बाणाची जागा बघा. मग मागे कोणाला तरी बसवून एखाद्या उतारावर गाडी चालवा. विकणारा याला नकार देत असेल, तर सौदा तिथेच थांबवा.

भाच्याच्या गाडीला नवा कोनसेट बसवला, मागचे लायनर बदलले आणि पुढचे ब्रेकही खोलून साफ केले. त्याला मी एक साधी वही करायला लावली आहे. तीत तारीख, किलोमीटर, दोन्ही टायरच्या खाचांची खोली आणि बाणाची जागा एवढेच दर तीन महिन्यांनी लिहायचे. मागच्या टायरची खोली पहिल्या नोंदीत २.६ मिलिमीटर होती, गेल्या महिन्यात ती १.४ झाली, आणि तपासणीची वाट न पाहता त्याने टायर बदलला. ही गाडी विकायची झाली, तर वहीसुद्धा गाडीबरोबर द्यायची, असे आमचे ठरले आहे.

नमस्कार.