हापशाचा शोध कोणी लावला?

नमस्कार श्रोतेहो.

२००१ साली आलेल्या एका हिंदी चित्रपटात नायक संतापाच्या भरात जमिनीतून हातपंप उपटतो आणि समोरच्या जमावावर धावून जातो. हे दृश्य माहीत नसलेला माणूस सापडणं कठीण. एका साध्या यंत्राला इतकी प्रसिद्धी मिळाली याचा अभियंता म्हणून मला आनंद आहे. पण त्या दृश्यातून लक्षात राहतो तो जमिनीवरचा लोखंडी भाग. हापशाची खरी करामत चालते ती खाली, बोअरच्या काळोखात, तीस मीटरवर. आणि ती कोणा एकाची नाही.

शोध म्हटलं की आपल्याला गोष्ट लागते. एक हुशार माणूस, एक क्षण आणि डोक्यात पडलेला उजेड. सिनेमे हेच दाखवतात, आणि परीक्षेतल्या ‘जोड्या लावा’ या प्रश्नातही डाव्या बाजूला यंत्र असतं, उजव्या बाजूला एकच नाव. आता डावीकडे ‘इंडिया मार्क टू हातपंप’ लिहा. खेड्यात, शाळेच्या आवारात, एसटी स्टँडजवळ दिसणारा तोच तो करड्या रंगाचा हापसा. उजवीकडे काय लिहाल?

१९६६-६७च्या बिहारच्या दुष्काळानंतर युनिसेफच्या मदतीने हवेच्या दाबावर चालणारी खोदाई यंत्रं देशात आली. दख्खनच्या काळ्या पाषाणात विहीर खणायला महिनोन् महिने लागत, तिथे आता बोअर दिवसा-दोन दिवसांत होऊ लागली. पण वर बसवायचे पंप होते ओतीव लोखंडाचे, युरोप-अमेरिकेत एका कुटुंबासाठी बनलेल्या पंपांच्या नकला. आपल्याकडे त्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव तुटून पडायचं. खिळीची भोकं झिजून लांबट व्हायची, दांडा डगमगायचा आणि एक दिवस ओतीव लोखंड तडकायचं. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर पाहणी झाली, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश पंप बंद आढळले. म्हणजे जमिनीत पाणी होतं, बोअर होती, पैसाही खर्च झाला होता, आणि बाया पुन्हा डोक्यावर हंडे घेऊन ओढ्याकडे चालल्या होत्या.

यावरचं उत्तर मोठ्या प्रयोगशाळेत सापडलेलं नाही. ते आकाराला आलं जालना आणि सोलापूर इथल्या ख्रिस्ती मिशनच्या बोअरवेल वर्कशॉपांत. आपण खोदलेल्या विहिरी पंपापायी बंद पडतात हे तिथली माणसं रोज पाहत होती. ओतीव लोखंड टाकून त्यांनी पोलादी सांगाडा वेल्डिंगने जोडला. दांड्याला अनेक सांध्यांऐवजी एकच सांधा ठेवला. त्यात बंदिस्त बॉल बेअरिंग घातलं. दांडा आणि खाली बोअरमध्ये उतरणारा लोखंडी रॉड यांच्यामध्ये साखळी घातली. पुढे युनिसेफ, भारत सरकार, चेन्नईची यंत्र-संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही कंपनी यांनी हीच मांडणी घेऊन तमिळनाडूत चाचण्या केल्या, माप न् माप ठरवलं आणि १९७९ साली आयएस ९३०१ हे भारतीय मानक निघालं. या आराखड्यावर कोणी पेटंट घेतलं नाही. म्हणून तो आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत पोहोचला.

त्या साखळीपाशी जरा थांबतो, कारण सगळी अक्कल तिथे आहे. साध्या पंपात रॉड थेट दांड्याला जोडलेला असतो. दांड्याचं टोक वर्तुळाच्या कडेने फिरतं, सरळ वर-खाली जात नाही. त्यामुळे प्रत्येक झटक्याला रॉड आडवा ढकलला जातो, वाकतो आणि शेवटी आट्यांपाशी तुटतो. मार्क टूमध्ये दांड्याच्या आतल्या टोकाला वर्तुळाच्या तुकड्यासारखी गोलाई आहे आणि साखळी तिच्यावर टेकून खाली लोंबते. दांडा कसाही फिरो, साखळी त्याच उभ्या रेषेत राहते आणि रॉड सरळ वर येतो.

पण साखळी फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. रॉडच्या खालच्या टोकाला, सिलिंडर नावाच्या नळीत, पाणी वर उचलणारा दट्ट्या असतो. दांडा वर उचलला की हा दट्ट्या स्वतः खाली जायला हवा, आणि त्याला खाली नेतं ते रॉडचं वजन. १२ मिलिमीटरचा रॉड मीटरला सुमारे ९०० ग्रॅम भरतो. तीस मीटरला २७ किलो झाले, दट्ट्या सहज उतरतो. हाच पंप बारा मीटरवर बसवला तर रॉड जेमतेम अकरा किलोंचा. दट्ट्यावरचं नवं वॉशर सिलिंडरला घट्ट धरून बसतं, दट्ट्या रेंगाळतो, साखळी ढिली पडते आणि पुढच्या झटक्याला खाडकन ताणली जाते. उथळ बोअरवर साखळ्या लवकर का तुटतात, त्याचं कारण हे. दोष साखळीचा नसतो, जागेच्या निवडीचा असतो.

आता ताकदीचा हिशेब. सिलिंडरचा आतला व्यास ६३.५ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास ३२ चौरस सेंटिमीटर. तीस मीटरवरून पाणी उचलताना दट्ट्यावर सुमारे ९५ किलोंचा भार येतो. तरफेचं प्रमाण आठास एक. हाताला लागतो बारा किलोंचा जोर, वर थोडं घर्षण. दांडा भरीव पोलादी पट्टीचा, इतका जड ठेवला आहे तो उगीच नाही. रॉडचं वजन बऱ्याच अंशी तो तोलून धरतो. म्हणून दहा-बारा वर्षांची मुलगीही हापसून घागर भरू शकते. दट्ट्याची चाल १२५ मिलिमीटर, एका झटक्याला साधारण चारशे मिलिलिटर. मिनिटाला चाळीस झटके मारले की पंधरा लिटरची घागर भरते.

आपल्याकडे जुगाडाचं फार कौतुक होतं. सिनेमात होतं, मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत तर रोज होतं. जुगाड करणाऱ्या हाताबद्दल मला मनापासून आदर आहे. जालन्याचा पहिला पंपही असाच अडचणीतून उभा राहिला असणार. पण जुगाड एका जागी, एका माणसाच्या देखरेखीखाली चालतो. एका कारखान्याचं बेअरिंग दुसऱ्या कारखान्याच्या दांड्यात ठोकाठोकी न करता बसलं पाहिजे, यासाठी जिग, म्हणजे प्रत्येक भाग एकसारखा बनावा म्हणून वापरायचे साचे लागतात, मापक लागतात, माल नाकारण्याची हिंमत असलेला तपासनीस लागतो. मार्क टूमध्ये ६२०४ क्रमांकाचं बेअरिंग आहे. ते तालुक्याच्या बाजारात कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. हे ठरवणाऱ्या माणसाचं नाव आपल्याला माहीत नसतं. माझ्या मते तोही संशोधकच.

या पंपात उणिवाही होत्या. झिजणारी वस्तू म्हणजे दट्ट्यावरचं वाटीसारखं वॉशर, किमतीने अगदी किरकोळ. पण ते बदलायला तीन-तीन मीटरचे दहा पाइप आणि तेवढेच रॉड, मिळून सव्वाशे किलोंच्या आसपास लोखंड वर काढावं लागतं. त्यासाठी चार-पाच माणसं, क्लॅम्प आणि पाइप पाने लागतात. पंचायत समितीचं दुरुस्ती पथक येईपर्यंत गाव ताटकळतं. म्हणून पुढे मार्क थ्री आला. त्यात ३२ऐवजी ६५ मिलिमीटरचा पाइप आहे आणि सिलिंडर वरून उघडा, त्यामुळे पाइप जागेवर ठेवून फक्त दट्ट्या वर ओढून घेता येतो. पाइप मात्र जड आणि महाग झाला. चामड्याच्या वॉशरच्या जागी नायट्राइल रबर आलं, ते जास्त टिकतं. ज्या भागात भूजल आम्लधर्मी आहे तिथे जस्त चढवलेले पाइप गंजून पाणी तांबूस होतं, हे आफ्रिकेतल्या अनुभवातून कळलं. तिथे न गंजणारा पाइप घालावा लागतो.

एक गोष्ट सांगायलाच हवी. पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवून पाणी भरताना पसरणारा नारू हा रोग भारतातून गेल्याचं २००० साली जाहीर झालं. आरोग्यसेवकांनी गावोगाव केलेली पाहणी आणि औषधफवारणी त्यामागे होती, आणि पाय न बुडवता पाणी देणारा हापसाही होता. त्यावर सिनेमा निघालेला नाही. निघावा असं मला फार वाटतं.

शेवटी, तुमच्या गावात, वस्तीत हापसा असेल तर दोन चाचण्या करून पाहा. पाणी येईपर्यंत हापसा, मग अर्धा तास थांबा. पुन्हा हापसताना पाच झटक्यांच्या आत पाणी आलं पाहिजे. त्याहून जास्त लागले तर खालची झडप गळते आहे किंवा पाइपचा एखादा जोड ढिला आहे. दुसरी चाचणी, बादली लावून मिनिटात चाळीस पूर्ण झटके मारा. दहा लिटरपेक्षा कमी भरलं तर वॉशर झिजलंय. दांडा एकदम हलका झाला आणि पाणी नाही, तर रॉड तुटलाय किंवा पाण्याची पातळी सिलिंडरच्या खाली गेली आहे. दांडा आडवा हलत असेल तर बेअरिंग गेलं. साखळीला महिन्यातून एकदा ग्रीस आणि बोल्टना पाना, एवढं गावातच कोणीही करू शकतं. ओटा नवा बांधला तर सात दिवस पाणी मारल्याशिवाय कोणालाही हापसू देऊ नका. कच्च्या काँक्रीटमध्ये हापशाचे पाय हलले की फट पडते आणि ओट्यावरचं सांडपाणी त्या फटीतून थेट बोअरमध्ये उतरतं.

नमस्कार.